नवउद्योगांना आधार देणाऱ्या संस्था आणि स्त्रिया

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा लिखित मजकूर)



उद्योगांच्या इतिहासात १९५९ या सालाला एक निराळे महत्त्व आहे. त्या वर्षी पृथ्वीच्या दोन टोकांना, एकमेकांची वार्ताही नसताना, दोन प्रयोग सुरू झाले. पहिला अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, बटेव्हिया या लहानशा गावी. तेथील शेती-अवजारांचा मोठा कारखाना बंद पडला होता आणि गावात बेकारी पसरली होती. मॅन्कुसो कुटुंबाने ती अवाढव्य इमारत विकत घेतली. पण एवढी जागा घेणारा एकच भाडेकरू काही मिळेना. तेव्हा जोसेफ मॅन्कुसो यांनी तिचे लहान लहान गाळे पाडले आणि गाळ्याबरोबरच नव्या उद्योजकाला सल्ला, कार्यालयीन सोयी व भांडवल उभारणीस मदत देऊ केली. सुरुवातीच्या भाडेकरूंत कोंबडीची पिल्ले उबवणारी एक कंपनी होती. तिच्यावरून मॅन्कुसो गमतीने आपल्या इमारतीलाच ‘इन्क्युबेटर’, म्हणजे उबवणी केंद्र, म्हणू लागले. पुढे तो शब्द जगभर रूढ झाला.

दुसरा प्रयोग मुंबईत गिरगावातला. १५ मार्च १९५९ रोजी सात गृहिणी एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही समाजसेवक छगनलाल करमशी पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटे तयार झाली. हीच ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ या संस्थेची सुरुवात. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा या घटनेला जवळजवळ ६२ वर्षे लोटली होती.

बटेव्हियाची कथा उद्योगसाहाय्याच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात येते. गिरगावची कथा महिला दिनाच्या भाषणांत येते. वस्तुतः दोन्ही ठिकाणी घडले ते एकच. ज्याच्याजवळ कसब आहे पण साधने नाहीत अशा माणसाला साधने, बाजारपेठ आणि पत मिळवून देणारी एक व्यवस्था उभी राहिली. तरीही एकीला उद्योगशास्त्रात जागा मिळाली आणि दुसरी कौतुकाच्या फडताळात जाऊन बसली. आजच्या विषयाचे मूळ या वाटणीतच आहे.

लिज्जतची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. पीठ केंद्रावर मळले जाते. सभासद भगिनी सकाळी येऊन आपापल्या वाट्याचे पीठ घेऊन जातात, घरी पापड लाटतात, वाळवतात आणि दुसऱ्या दिवशी आणून देतात. वजन होते, तपासणी होते, मोबदला मिळतो, नवे पीठ हाती येते. मुंबईत त्यांची ने-आण करण्यासाठी वाहनांचीही सोय झाली. प्रत्येक भगिनी संस्थेची सहमालक. पुरुष नोकरीत असू शकतात, सभासद होऊ शकत नाहीत. यात दयेचा भाग कोठेही नाही. ज्या स्त्रियांसाठी संस्था काढायची त्यांचा दिवस प्रत्यक्षात कसा जातो, हे आधी पाहिले गेले आणि कामाची घडी त्या दिवसाभोवती बसवली गेली. स्त्रियांनी संस्थेच्या वेळा पाळल्याच; पण संस्थेनेही स्त्रियांच्या वेळा पाळल्या.

आपल्या देशात शासनाच्या पुढाकाराने उद्योजकता-विकासाचे राष्ट्रीय मंडळ १९८२ मध्ये स्थापन झाले. २००४ मध्ये मुंबईच्या आयआयटीत ‘साईन’ ही संस्था आणि २००७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात व्हेंचर सेंटर उभे राहिले. १६ जानेवारी २०१६ रोजी ‘स्टार्टअप इंडिया’ची सुरुवात झाली आणि त्यानंतर तर विद्यापीठे, अभियांत्रिकी महाविद्यालये, बँका, व्यापारी संघ, समाजाचे न्यास या सर्वांनाच आपले एखादे इन्क्युबेटर असावे असे वाटू लागले.

व्यापारी समाजाला ही कल्पना नवी वाटण्याचे वास्तविक कारण नाही. नाव नवे, वस्तू जुनी. गावाकडून आलेला भाचा मामाच्या पेढीवर बसतो, माल ओळखायला शिकतो, रोजमेळ लिहितो, वसुलीला फिरतो, आणि मग एके दिवशी मामा बाजारातल्या चार व्यापाऱ्यांना सांगतो, “हा आमचा आहे, याला माल द्या.” त्या एका वाक्यावर पहिला माल उधारीवर येतो आणि नव्या दुकानाची पाटी लागते. जागा, प्रशिक्षण, मार्गदर्शक, भांडवल, ओळखी, असे आजच्या इन्क्युबेटरच्या माहितीपत्रकात जे जे छापलेले असते, ते सारे त्या गादीवर होते. शिवाय अपयश आले तर पुन्हा येऊन बसायला तीच गादी होती, ही सोय अजून कोणत्याही माहितीपत्रकात आढळत नाही. या व्यवस्थेतून पिढ्यान्‌पिढ्या घडल्या. त्या गादीवर भाची मात्र बसली नाही. तिला हिशेब येत नव्हता असे नव्हे. वर्षाचे धान्य, वाळवणे, मसाले, लग्नकार्यातील देणीघेणी हा सगळा कारभार तिच्याच डोक्यात असे. पण “ही आमची आहे, हिला माल द्या,” हे वाक्य तिच्यासाठी बाजारात कोणी उच्चारले नाही. आधुनिक संस्थांनी गादी काढून टेबल-खुर्ची आणली. ते वाक्य कोणासाठी उच्चारायचे याची सवय मात्र बरीचशी जुनीच राहिली.

या संस्थांच्या चालकांना प्रश्न विचारला की एक उत्तर हमखास मिळते: “आमचे दार सर्वांना खुले आहे, स्त्रियांचे अर्जच येत नाहीत.” हे उत्तर बहुधा प्रामाणिक असते. अर्जावर ‘स्त्रियांनी अर्ज करू नये’ असे कोठेही लिहिलेले नसते. म्हणूनच त्याचा शोध अर्जाच्या अटींत घ्यावा लागतो.

सहाव्या आर्थिक गणनेनुसार (२०१३-१४) देशात स्त्रियांच्या मालकीच्या आस्थापना सुमारे ८० लाख ५० हजार होत्या. एकूण आस्थापनांच्या १३.७६ टक्के. त्यांपैकी सुमारे ८३ टक्के आस्थापनांत पगारी माणूस एकही नव्हता. म्हणजे मालक तीच, कामगार तीच आणि वसुली करणारीही तीच. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेच्या कर्जखात्यांत स्त्रियांचे प्रमाण पहिल्या दहा वर्षांत दोन तृतीयांशांहून अधिक राहिले. ‘स्टँड-अप इंडिया’ योजनेतही (५ एप्रिल २०१६) पहिल्या सात वर्षांत मंजूर झालेल्या सुमारे १ लाख ८० हजार कर्जांपैकी ८० टक्के स्त्रियांच्या नावे होती. तेव्हा स्त्रिया अर्ज करीत नाहीत हे विधान टिकत नाही. या दुसऱ्या योजनेत बँकेच्या प्रत्येक शाखेने किमान एका स्त्रीला दहा लाख ते एक कोटी रुपयांचे कर्ज द्यावे असा दंडकच होता आणि त्याच्या पाठीशी हमी निधीची तरतूद होती. नियमात जागा ठेवली, अर्ज आले.

तारणाचा प्रश्न जरा थांबून पाहायला हवा, कारण तो घराघरांत शिरलेला आहे. १९७८ साली किरण मजुमदार या पंचवीस वर्षांच्या तरुणीने बंगळुरूमध्ये भाड्याच्या घराच्या गॅरेजात दहा हजार रुपयांवर बायोकॉन कंपनी सुरू केली. ऑस्ट्रेलियात मद्यनिर्मितीशास्त्राचे शिक्षण घेऊनही ‘हे पुरुषांचे काम’ म्हणून देशात तिला नोकरी मिळाली नव्हती. उद्योग काढला तर बँका कर्ज देईनात. जैवतंत्रज्ञान हा शब्द अपरिचित होता, मालक स्त्री होती आणि तारण ठेवण्यास मालमत्ता नव्हती. पहिली अडचण काळाने दूर केली, दुसरी काहीशी सैल झाली. तिसरी?

कायदा म्हणतो, दूर झाली. महाराष्ट्राने १९९४ मध्येच हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सा दिला. २००५ मध्ये केंद्राने तीच गोष्ट देशभर लागू केली आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, २००५ साली वडील हयात नव्हते तरी मुलीचा हक्क अबाधित असल्याचे स्पष्ट केले. हा कायदा हिंदूंप्रमाणेच जैन, बौद्ध आणि शीख यांनाही लागू आहे. परंतु वडिलांच्या पश्चात वारसांची नावे लावण्याची वेळ येते तेव्हा काय होते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. भावाची अडचण नको, माहेर तुटायला नको, म्हणून बहिणी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन हक्कसोडपत्रावर सही करतात. एक साडी, एक जेवण, आणि सातबाऱ्यावरून नाव कमी. त्यात भावाबहिणीचे प्रेम खरेच असते, हेही मान्य केले पाहिजे. पण तीच बहीण पाच वर्षांनी उद्योगासाठी कर्ज मागते तेव्हा संस्था विचारते, “तारण काय?” सासरचे घर पतीच्या वा सासऱ्यांच्या नावे, माहेरचे तिने स्वतःच सोडलेले. हाती राहते ते अंगावरचे सोने. ते गहाण पडते आणि घरातील पहिला आवाज उठतो तो तेथेच.

महाराष्ट्राला या प्रश्नाचे भान नवे नाही. शेतकरी संघटनेने १९८६ च्या चांदवड अधिवेशनात स्त्रियांच्या मालमत्ता-हक्काचा विषय ऐरणीवर घेतला. पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’च्या मोहिमेत ज्या गावातील किमान शंभर कुटुंबांनी जमिनीचा तुकडा घरच्या लक्ष्मीच्या नावे केला, त्या गावाचा गौरव होऊ लागला. शेतकऱ्यांना जे सुचले ते उद्योगसाहाय्य संस्थांना सुचायला हरकत नव्हती.

आता निवड समितीच्या खोलीत जाऊ. येथे कोणी उघड भेदभाव करीत नाही. सगळे सुशिक्षित, सौजन्यशील, आणि बहुतेकांच्या घरी शिकणाऱ्या मुली. न्यूयॉर्क येथे २०१० ते २०१६ या काळात भरलेल्या नवउद्योगांच्या एका नामांकित स्पर्धेतील प्रश्नोत्तरांचा अभ्यास दाना कान्झे व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. गुंतवणूकदार पुरुष-उद्योजकाला विचारीत, “नवे ग्राहक कसे मिळवणार?” स्त्रीला विचारीत, “आहेत ते ग्राहक टिकवणार कसे?” पुरुषांना विचारलेल्या प्रश्नांपैकी ६७ टक्के वाढीविषयी होते, स्त्रियांना विचारलेल्यांपैकी ६६ टक्के नुकसान टाळण्याविषयी. ज्याला बचावाचे प्रश्न विचारले जातात तो बचावाची उत्तरे देतो आणि बचाव करणाऱ्याच्या हाती कोणी मोठी रक्कम ठेवीत नाही. प्रत्यक्ष मिळालेल्या भांडवलात तसेच दिसून आले. या अभ्यासातील सर्वांत विचार करायला लावणारी बाब निराळीच आहे: प्रश्न विचारणाऱ्यांत स्त्री-गुंतवणूकदारही मोठ्या संख्येने होत्या आणि त्यांचे प्रश्नही याच वळणाचे होते. समितीवर एखाद्या भगिनीची नेमणूक करून कर्तव्य पूर्ण झाले असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. नेमणूक अवश्य व्हावी. पण प्रश्नांची यादी आधीच लिहून ठेवणे आणि प्रत्येक अर्जदाराला तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारणे, हा बिनखर्चाचा उपाय तिच्याहून अधिक गुणकारी ठरू शकतो.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात तर उद्योगाचे एकच निवेदन काहींना पुरुषाच्या व काहींना स्त्रीच्या आवाजात ऐकवले गेले. शब्द तेच, चित्रफीत तीच. ६८ टक्क्यांनी पुरुषाच्या आवाजातील उद्योगाला पसंती दिली. पसंती चुकीची होती का? बॉस्टन येथील एका उद्योगसाहाय्य संस्थेतून गेलेल्या ३५० कंपन्यांचा हिशेब २०१८ मध्ये मांडला गेला. स्त्रियांनी स्थापन केलेल्या किंवा सहस्थापित केलेल्या कंपन्यांना सरासरी ९ लाख ३५ हजार डॉलर मिळाले होते, पुरुषांच्या कंपन्यांना २१ लाखांहून अधिक. मात्र गुंतलेल्या प्रत्येक डॉलरमागे पहिल्यांनी ७८ सेंट उत्पन्न मिळवले, दुसऱ्यांनी ३१. व्यापारी माणसाला हे गणित समजावून सांगावे लागत नाही. स्वस्तात चांगला माल मिळत असताना बाजार तो घेत नव्हता.

वेळेची अट कोठे लिहिलेली नसते, पण तीच सर्वांत कडक असते. नवउद्योजकांच्या गाठीभेटी सायंकाळी सात वाजता सुरू होतात. खरी ओळख कार्यक्रम संपल्यावर, रात्री साडेनऊला चहाच्या टपरीवर होते. त्या वेळी ती स्वयंपाकघरात असते किंवा शेवटच्या सुरक्षित लोकलसाठी स्थानकावर उभी असते. निवासी शिबिरे दहा-पंधरा दिवसांची. तान्ह्या मुलाला घेऊन कोणी यावे, याची कल्पनाच आयोजकांनी केलेली नसते. संस्थेत राहण्याची मुदत ठरलेली असते आणि बाळंतपणासाठी ती थांबत नाही. नोकरदार स्त्रीला कायद्याने २०१७ पासून २६ आठवड्यांची रजा आहे. स्वतःच मालक असलेल्या स्त्रीला रजा कोण देणार? ५० कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झाले. एका इन्क्युबेटरमध्ये तीस कंपन्या, प्रत्येकीत पाच माणसे, म्हणजे एकूण दीडशे. तरीही कायद्याच्या हिशेबी त्यांपैकी एकीवरही पाळणाघराचे बंधन नाही. हा दोष कायद्याचा म्हणावा, तर संस्थेने स्वतःहून एक खोली राखून ठेवण्यास कायद्याची मनाई नाही.

वयाचेही तसेच. ‘तिशीच्या आतले तीस’ अशा याद्यांचे या क्षेत्राला मोठे आकर्षण. स्त्रीच्या आयुष्यात विशी-तिशीची वर्षे बहुधा मुलांची असतात. उद्योगाला मोकळीक मिळते ती नंतर. फाल्गुनी नायर यांनी बँकिंगमधील मोठे पद सोडून २०१२ मध्ये नायका ही कंपनी काढली, तेव्हा त्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर होत्या. २०२१ मध्ये कंपनीची शेअर बाजारात नोंदणी झाली.

एक विषय अशा व्यासपीठावर टाळला जातो. तो टाळणे उचित नाही. इन्क्युबेटरमध्ये मार्गदर्शकाच्या हाती फार मोठी सत्ता असते. एका दूरध्वनीवर तो गुंतवणूकदार आणू शकतो, एका शब्दावर परतवू शकतो. तेथे कोणी मर्यादा सोडली तर ती तक्रार कोठे करणार? ती संस्थेची कर्मचारी नाही आणि तिच्या स्वतःच्या कंपनीत चार माणसे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने याचे उत्तर दिलेले आहे: पीडित स्त्री त्या ठिकाणी नोकरीस असो वा नसो, तिला तक्रारीचा अधिकार आहे. दहा वा अधिक कर्मचारी असतील तेथे अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान आस्थापनांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती आहे. इन्क्युबेटरच्या प्रवेशपत्रातच समितीची माहिती छापली आणि मार्गदर्शकांनाही ती लागू असल्याचे लिहिले, तर पुष्कळ काही न बोलता साधते. तृतीयपंथी उद्योजकांच्या बाबतीत २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आणि २०१९ चा कायदा असूनही अनेक अर्जांवर दोनच चौकोन छापलेले असतात. जुन्या दाखल्यावरचे नाव आणि आजचे नाव जुळत नाही एवढ्यावरून अर्ज बाजूला पडू नये.

हे सगळे बदलणे कठीण आहे काय? सातारा जिल्ह्यातील माण तालुका हा कायमचा दुष्काळी. तेथे म्हसवडला चेतना गाला-सिन्हा यांनी गावातील स्त्रियांसाठी बँक काढण्याचे ठरवले. कांताबाई नावाच्या, रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या बाईंना पावसाळ्यापूर्वी झोपडीवर घालायला ताडपत्री घ्यायची होती. त्यासाठी रोज थोडे थोडे पैसे साठवायचे होते. पण एवढ्या लहान रकमेचे खाते बँक उघडीना. तेव्हा बायकांची स्वतःची बँक असावी असे ठरले. रिझर्व्ह बँकेने पहिला प्रस्ताव नाकारला; प्रवर्तक स्त्रियांपैकी अनेकींनी सहीऐवजी अंगठे उठवले होते. चेतनाताई निराश होऊन परतल्या, तेव्हा त्या स्त्रियांनीच म्हटले, लिहायला-वाचायला शिकू. काही महिन्यांनी त्या पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कोणतीही रक्कम सांगा, यंत्राशिवाय व्याज काढून दाखवतो. तुमच्या अधिकाऱ्यांनाही तसेच काढायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला.

त्यानंतरचे पाऊल अधिक बोलके आहे. बँक उघडली तरी स्त्रिया बँकेत येऊ शकत नव्हत्या, कारण येण्यात एका दिवसाची मजुरी बुडत होती. मग बँक त्यांच्या दारी आणि आठवडी बाजारात जाऊ लागली. कार्डाला आकडी संकेतांक द्यायचे ठरले, तर स्त्रियांनीच हरकत घेतली: आकडा कोणीही पाहून घेईल, अंगठा कोण चोरणार? कर्ज दिले तरी धंदा वाढेना, तेव्हा शिकवण्याची गरज दिसली आणि २००६ मध्ये ग्रामीण स्त्रियांसाठी उद्योगशाळा सुरू झाली. तीही एका जागी न ठेवता बसमध्ये भरवून गावोगाव नेण्यात आली. ज्या अंगठ्याने पहिला प्रस्ताव फेटाळला गेला, तोच अंगठा पुढे बँकेच्या तंत्रज्ञानाचा आधार ठरला, हे नमूद करण्याजोगे आहे.

स्त्रियांसाठी वेगळ्या संस्था असाव्यात की त्याच संस्थांत जागा असावी, हा वाद जुना आहे. तेलंगण सरकारने ८ मार्च २०१८ रोजी हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी ‘वी हब’ हे इन्क्युबेटर सुरू केले. वेगळ्या जागेत संकोच मोडतो, चूक करायची मोकळीक मिळते. पण वेगळी खोली लहान रकमांची, लोणची-पापड-शिवणाची खोली होऊन बसते, हा धोकाही खरा आहे. कोणाला लोणच्याचाच उद्योग करायचा असेल तर तो कमी प्रतीचा नव्हे, हे लिज्जतने सिद्ध केलेच आहे. परंतु रसायनशास्त्रात पीएच.डी. केलेल्या मुलीलाही त्याच खोलीत पाठवले जाते, तेव्हा गोष्ट निराळी होते. आत जायचा दरवाजा वेगळा असला तरी चालेल, बाहेर पडायचा मात्र सर्वांचा एकच असावा: तेच गुंतवणूकदार, तीच रक्कम, तीच मोठी बाजारपेठ.

शेवटी एक नाजूक मुद्दा. २०२४ च्या अखेरीस केंद्र सरकारकडे नोंदलेल्या सुमारे १ लाख ५७ हजार नवउद्योगांपैकी ७३ हजारांहून अधिक उद्योगांत किमान एक महिला संचालक होती. जवळजवळ निम्मे! हा आकडा आनंदाचा आहे. पण व्यापारी कुटुंबांत वावरलेल्या कोणालाही त्यावर लगेच विश्वास ठेवता येणार नाही. पत्नीच्या, आईच्या, सुनेच्या नावे भागीदारी काढणे आपल्याकडे नवीन नाही. करासाठी काढली जाते, सवलतीसाठी काढली जाते. सही तिची असते, कागद काय आहे हे तिला ठाऊक नसते. क्वचित तिच्या सहीवर न्यायालयाची नोटीसही येते आणि तेव्हा तिला आपण संचालक असल्याचे कळते. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने महिला स्टार्टअप योजना आणली. १ लाख ते २५ लाख रुपयांपर्यंतचे साहाय्य, आणि अट ५१ टक्के हिश्श्याची. अट रास्त आहे. हिस्सा कागदावर मोजता येतो. पण बैठकीला कोण बसते, धनादेशावर सही कोण करते, माल नाकारण्याचा अधिकार कोणाचा, हे साहाय्य देणाऱ्या संस्थेला स्वतः जाऊनच पाहावे लागते. अहिल्यादेवींचा कारभार त्यांच्याच हातात होता, हे योजनेला नाव देणाऱ्यांना माहीत असणारच.

अनेक न्यास आता शिष्यवृत्तीच्या जोडीला नवउद्योजकांसाठी निधी ठेवू लागले आहेत. बहुतेकांचा अर्ज पूर्वीच्या व्यापारी कर्जाच्या अर्जावरूनच तयार झालेला असतो. त्यात ‘वडिलांचा अथवा पतीचा व्यवसाय’ असा एक रकाना असतो, ‘पतीची संमती’ असा दुसरा, आणि ‘दोन जामीनदार, स्थावर मालमत्ताधारक’ असा तिसरा. अविवाहित, विधवा, घटस्फोटित अर्जदार दुसऱ्या रकान्यापाशी थांबते. जवळजवळ सगळ्याच तिसऱ्यापाशी. पहिले दोन रकाने काढून टाकण्यास विश्वस्तांचा एक ठराव पुरतो. तिसऱ्यासाठी थोडा पैसा बाजूला काढावा लागेल: निधीचा एक भाग बुडीताची तरतूद म्हणून वेगळा ठेवायचा आणि जामीनदाराच्या जागी समाजातील दोन अनुभवी व्यापाऱ्यांनी वर्षभर तिच्या हिशेबाच्या वह्या पाहायच्या. म्हणजे तीच जुनी पेढी आणि मामाचे तेच जुने वाक्य. या वेळी भाचीसाठी.